विजापूरची गाडी चुकली की

अशोक चौकामागे, लोखंडी जिना चढून,
फळ्यावर खडूनं: बिअर, शेंगाचटणी, कडक भाकरी,
रात्रीची खाट अडीचशे.

गाडी चुकलेले दोघे
सॅक उशाशी घेऊन ऐकतायत.
अंबादास गड्डम गिटार घेऊन बसलाय,
अर्धं गाणं तेलुगूत, अर्धं जमेल तसं.
ड्रमवाला परवडत नाही.
ताल भिंतीपलीकडून येतो,
रात्रपाळीच्या मागांचा.

साडेदहाला लाइट गेली.
माईक गेला, त्याचं काही नाही.
माग थांबले
आणि अंबादासचा हात हवेतच राहिला.

कोपऱ्यात नरसय्या,
दोन्ही कान मागावरच ठेवून रिटायर झालेले.
काही थांबलंय हे त्यांना कळलंच नाही.
ओपनरनं बाटलीवर
खट्याक खट, खट्याक खट
चालूच.