कंचा वारा

पठाणाला, म्हणजे गलबताच्या तळाच्या कण्याला,
हात घातला तेव्हा पितृपक्ष होता.
चांगलं काही सुरू करू नये म्हणतात.
पण सागवानाची पट्टी चालून आली होती
शेजारच्या वनमाळींच्या मोडीत निघालेल्या पलंगाची,
आणि माझे हात चार महिने रिकामे.

नौपाड्यात एकतीस वर्षं मी दात केले.
आधी मेणाचे, मग कायमचे.
कुणाच्या तोंडात गेले ते कधी पाहिलं नाही.
आता दात यंत्रच कातून देतं, दुपारच्या चहाआधी.
निघताना मालकांनी शाल दिली.
मी माझी अवजारं मागून घेतली.

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, पाचवा मजला.
जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू गोदी,
उरलेल्या अर्ध्यावर आम्ही दोघं जेवतो.
इडलीपात्रात पट्ट्या वाफवल्या,
गरम असतानाच वाकांवर बसवल्या,
कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर तशाच ठेवल्या.
सकाळी ह्यांनी ओलं बनियन हातात धरून विचारलं,
"हे आता कशाला अडकवू?"

उदबत्तीच्या काड्या सोलून खिळे केले, दोनशे बारा.
नाळेपाशी नाक नेलं तर अजून मोगरा येतो.
कप्प्या तुरीच्या डाळीएवढ्या;
दाढेच्या खाचा कोरायच्या सुईनं भोकं पाडली
आणि मेण चोळलेला दोरा ओवताना श्वास धरला,
पुढच्या दातांची रांग लावताना धरायचे तसा.
शीड जुन्या मलमलीचं, चहात बुडवलेलं.
सगळे दोर सारखे ओढलेले,
तंबोरा लावावा तसे.
मला वाटलं, झालं.

मांडीवर घेऊन रिक्षानं दिवाळ्याला नेलं,
हसुराम नाखव्यांकडे. वय शहाऐंशी.
पोरवयात शिडाच्या पडावावर होते, पुढे इंजिनं आली.
हात असे थरथरतात
की चहा ओठांआधी बशीत.
गलबताला त्यांनी हात लावला नाही.
बाजूनं पाहिलं. उकिडवं बसून समोरून पाहिलं.
मग एक डोळा मिटून, मागून.
मी थांबले होते शाबासकीसाठी,
एकतीस वर्षांची थकलेली, एकदम.

"कंचा वारा धरलास गो बाय?"

कुठला म्हणजे?

"शीर हाय, मंजे वारा हाय. कंचा?"

मी सगळे दोर ताणले होते
आणि कशाशी, ते ठरवलंच नव्हतं.

"काम करतं तो दोर तानतं. दुसरा ढिला सोर.
येवरं सगलं आवललंस, काठी मोरंल."
त्यांचं बोट शिडाच्या दोराशी आलं,
कुठेही न टेकता हवेतच थरथरत राहिलं.
दर्यावरचा एवढा वारा मी त्याच्याआधी पाहिला नव्हता.

शाळेत पाठ होतं: खारे वारे दिवसा, मतलई रात्री.
आकृती काढा. पाच गुण.

त्या रात्री खिडक्या उघड्या टाकून बसले.
कांदळवनापलीकडे खाडी, ओहोटीचा चिखलट वास,
लांब ऐरोलीच्या पुलाचे दिवे.
बाराला काही नाही. दोनलाही नाही.
ह्यांनी कूस बदलून विचारलं, "काय हरवलंय?"
पावणेचारला मानेवर आला, मागून,
पारसिकच्या डोंगराकडून, स्वयंपाकघरातून,
गार, कोरडा, ओट्यावरचं फडकं हलवत.
रोजच येत असणार.

दिवा लावला. परबाण जरा फिरवली.
शिडाला पेज लावून चमच्याच्या पाठीनं पोट दिलं.
वाऱ्याकडचे दोर तसेच राहू दिले,
पलीकडच्या बाजूचे एकेक सोडले.
गाठी सोडायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पाहुणे आले की कुणीतरी वाकून बघतं,
लोंबणाऱ्या एका दोराकडे बोट दाखवतं,
अहो, हा सुटलाय वाटतं.

सुटला नाही, मी म्हणते.
त्याला सध्या काम नाही.