वस्त्रगाळ

तिकडे बर्फाच्या देशात
वेल झोपते म्हणे.
पानं झडतात, खोड काळं पडतं,
चार महिने तिला कुणी हाक मारत नाही.

आमच्या दानोळीच्या माळावर वेल जागीच.
एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी,
मधे केवडा, मधे भुरी,
आणि गोडी छाटणीनंतर डोळ्यांना लावायची ती पेस्ट,
हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून,
म्हणजे तिला वाटतं
हिवाळा येऊन गेला.
अण्णा म्हणायचे,
'दोनदा छाटतोय, एकदा फसवतोय.
कधीतरी वळखंल ती.'

चारी बाजूंनी ऊस,
साऱ्या गावाचं एकमत झाल्यासारखा हलणारा.
मधे आमची दीड एकर शिराझ:
बारीक काळे मणी, जाड साल, बी मोठी.
जयसिंगपूरच्या व्यापाऱ्यानं एक मणी दाताखाली धरला
आणि बाजूला थुंकला,
'द्राक्षं हायती का करवंदं?'

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं
दुसऱ्यांच्या उसाची साखर मोजली.
मग परवान्यासाठी कोल्हापूरला अकरा हेलपाटे.
बाराव्या खेपेला कारकून म्हणाला,
'ताई, तुम्ही लोक तर कांदासुद्धा खात नाही.'
मी म्हटलं, शिक्का कुठं मारताय ते बघा.

तोडणी पहाटे तीनला.
कपाळाला बॅटऱ्या बांधून हौसाक्का, मालन, शेवंता,
माळावर काजवे उतरावेत तशा.
साडेसातला ऊन चटकायच्या आत
सगळा माल बंद पडलेल्या दूध संस्थेच्या कूलरमध्ये.
तीनदा धुतला तरी त्याला सायीचा वास होता.

चौथ्या दिवशी रस बोलायला लागला.

यल्लाप्पा गुळव्या बघायला आला,
चाळीस वर्षं काहिलीपुढं उभा राहिलेला माणूस.
टाकीला कान लावला.
'चुलवाण न्हाई, जाळ न्हाई, आणि कढ कसला आलाय?'
मी सांगितलं, आंबतंय.
तो बराच वेळ तसाच उभा.
'जल्मभर पोरी,
हेच हुईल म्हणून पळत हुतो मी.'

अण्णा दिवस बुडायच्या आत जेवले.
हात धुऊन दारातच थांबले.
'ह्यात जीव किती?'
खोटं बोलता आलं असतं.
एका थेंबात लाखो, मी म्हटलं.
'आणि साखर संपली की?'
मरतात. त्यांनीच केलेल्या दारूत.
अण्णा काही बोलले नाहीत.
रात्रभर त्यांच्या खाटेची सुंभं करकरत होती.

सकाळी बघते तर
पाणी गाळायचं फडकं,
आईच्या वेळचं, धुऊन धुऊन विरलेलं,
टाकीच्या तोंडाला बांधलेलं.
वर चिलटं घोंघावत होती.
'आतल्यांचं तू बघ,' म्हणाले,
'भायेरची तरी आत जायला नकोत.'

पावसाळ्यात पहिली बाटली उघडली.
मी फक्त वास घेतला,
ओल्या मातीचा, जांभळाचा, मागं कुठंतरी मिऱ्याचा.
चव यल्लाप्पानं घेतली.
डोळे मिटून, गुळाची गोळी बघतात तशी,
जिभेवर फिरवून.
'गोड न्हाई.
पण गोड हुतं, हे कळतंय.'
अण्णांनी विचारलं, 'चांगलंय का वाईट?'
यल्लाप्पाला ते सांगता आलं नाही.
त्यानं पेला पालथा घातला
आणि पुन्हा सरळ केला.

ऑक्टोबरात छाटणी झाली.
पेस्टची बादली घेऊन मी शेवटच्या ओळीला आले
तर अण्णा आडवे उभे.
'एवढी एक ओळ झोपू दे.'
मी सांगितलं, इथं थंडी नाही,
ती झोपणार नाही, नुसती गोंधळेल.
'गोंधळू दे.'

गोंधळलीच.
एक डोळा फुटला, दोन मिटलेले,
एका काडीवर घड, शेजारच्या काडीवर नुसतं पान,
आणि पिकली ती मागं-पुढं, मार्च सरेपर्यंत.
माल निघाला अठ्ठेचाळीस किलो.
वेगळ्या पिंपात ठेवलाय.
तोंडाला फडकं आहे.
अण्णा येता-जाता गाठ तपासतात.