तपासणी

कॉलेजनं पत्रक वाटलं होतं : रविवारी, दहा ते चार,
पालकांसह या, परिसर पाहा, चहा-पोह्यांची सोय.
आई म्हणाली, त्या दिवशी नाही जायचं.
साहेब येनार म्हटलं का
आमच्या अंगणवाडीतला वजनकाटाबी खरं बोलाले लागते.
आपून मंगळवारी जाऊ. सांगितल्याबिगर.

मंगळवार. साडेसातची पांढरकवडा गाडी.
दोन्ही बाजूंना सोंगलेली तूर, कापूस संपून
नुसती उभी राहिलेली पऱ्हाटी.
आईच्या पिशवीत तिचंच एक जुनं रजिस्टर,
मागची पानं कोरी,
पेन लांब सुतळीनं बांधलेला, कारण पेन जातात.

गेटात मी फोटोसाठी थांबले.
कमान, हिरवळ, हार वाळलेला एक पुतळा.
ती थेट मागच्या बाजूला, संडासाकडे.
आत जाऊन कडी लावून पाहिली.
पहिल्याची लागते.
दुसऱ्याची नाही.
तिसऱ्याला कुलूप, चावी स्टाफरूममध्ये.
लिहिलं.
टाकीवर कोनाचं नाव हाय ते नको पाहू, नळ सोडून पाह्य.
मी दहा पावलं मागे चालत होते,
दुसऱ्या कुणाची तरी मुलगी असल्यासारखी.

प्रयोगशाळेत बारा सूक्ष्मदर्शक.
अकरांवर प्लास्टिक, एकाची मूठ बोटांनी झिजलेली.
ह्या एकावरच शिकतेत का सारे?
नागोराव शिपाई हसला, बाकीचे तपासणीसाठी, बाई.
आईही हसली. तिच्या कपाटात
न फोडलेली खेळणी आहेत, मला माहीत आहे.

प्राचार्यांनी माहितीपुस्तिका दिली,
निकाल ब्याण्णव टक्के, म्हणाले.
पटावर किती, हजर किती? आईनं विचारलं,
जसं रोज सकाळी स्वतःलाच विचारते.
सर पंख्याकडे पाहू लागले.
पंखा बंद होता.

चिंचेखाली मुली डबा खात होत्या.
आई त्यांच्यात जाऊन बसली, लोणचं घेतलं,
आणि जे मला सुचलंच नसतं ते विचारलं :
शेवटची गाडी कितीले? चुकली तं?
अस्मिता कुमरे, दुसरं वर्ष, जाणंयेणं घाटंजीहून,
भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली,
सव्वापाचची. कधी सातला येते.
वनस्पतीशास्त्राच्या मॅडम थांबतात मग स्टँडवर,
स्कूटी बंद करून,
आमची गाडी हलेपर्यंत.
आईनं हे लिहिलं
आणि दिवसात पहिल्यांदा खाली रेघ मारली.

ग्रंथालयाच्या दारात रजिस्टर माझ्या हातात दिलं.
आता तू विचार. शिकाचं तुले हाय.
आत जुन्या कागदाचा वास, डिंकाचा, थोडा उंदरांचा.
पुस्तकं घरी नेता येतात का?
दोन. पंधरा दिवस.
मी तिथंच उभी. पुढचा प्रश्न
घशात अडकलेल्या बोरासारखा.
आणि... नाही कळलं तर?
ग्रंथपाल बाईंनी चष्मा काढला,
पदरानं पुसला, परत लावला.
मग पुन्हा पंधरा दिवस.

परतीच्या गाडीत आई झोपली,
डोकं खिडकीच्या गजावर, मांडीवर रजिस्टर,
सुतळी मनगटाला दोन वेढे.
रकाने तिचे नेहमीचेच होते :
नाव, वजन, उंची, शेरा.
नावाखाली कडी, नळ, गाडी, मॅडम.
वजन-उंची कोरी.
शेऱ्याचा रकाना तिनं भरलाच नव्हता.

सुतळी ओढली जाणार नाही, तिला जाग येणार नाही
एवढ्या बेतानं मी पेन उचलला.
गाडी खड्ड्यांतून जात होती, अक्षर कसंही आलं :
दुसऱ्या संडासाची कडी.
जूनमध्ये आल्यावर
पाठपुरावा करणे.