नऊ ळ

सियागंजात हळदीच्या पोत्यांवर झोपून झोपून
एक बकरी पिवळी होते, आणि घरी कोणी तिला ओळखत नाही.
एवढीच गोष्ट. शनिवारच्या मराठी वर्गातल्या पोरांसाठी लिहिलेली.
एकाहत्तर साल. पुण्याहून हस्तलिखित परत आलं होतं,
'भाषेला हिंदीचा वास येतो' अशा चिठ्ठीसकट.
म्हणून मग शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे घेऊन
मीच गेले खजुरी बाजारामागच्या गल्लीत,
गेंदालालच्या छापखान्यात.

त्यानं पहिलं पान वाचलं, ओठ न हलवता,
मग खिळ्यांच्या केसमागून एक माचिस काढली
आणि टेबलावर उपडी केली.
'बहनजी, ळ के नौ ही नग हैं.
शादी के कारडों का काम निकल जाता है.'
मी मोजले. पहिल्या पानावरच एकतीस.
'पीली को हरी कर दो,' तो म्हणाला, अगदी मनापासून.

त्या रात्री ळ वेचत बसले, तांदळातले खडे वेचावेत तसे.
आभाळाचं आकाश केलं. चाललं.
केळ्याचा पेरू केला, गुळाची साखर.
सकाळ काढली तर बकरी रोज प्रभाती उठू लागली,
आणि डोळ्यांचे नेत्र केले तेव्हा
ती सरळ कीर्तनाला उभी राहिली.
पिवळी मात्र जाईना.
तांबडी म्हणावं, तर हळद कुठे नेऊन टाकू?

शनिवारी वाचून दाखवली.
बिडवयांचा हेमू म्हणाला,
'बाई, ही बकरी बीमार आहे का?
अशी काय बोलून राहिली?'

मी सगळे ळ परत घरात घेतले.

गेंदालालनं दोन दिवस विचार केला.
पानाला नऊ छापतो, म्हणाला, बाकी जागा कोऱ्या सोडतो.
बच्चे हैं ना आपके पास?
आणि शाईनं माखलेले हात पुसत, जरा खालच्या आवाजात,
'घर में तो हम भी काळो बोलते हैं, बहनजी, मालवी में.
लिखते बखत ल हो जाता है.'
त्याचा काळो माझ्या काळ्यापेक्षा खणखणीत होता.

तीनशे प्रती. प्रत्येकीत अठ्ठावन्न भोकं.
गुणाकार मी मुद्दाम केला नाही, हेमूनं केला,
आणि सतरा हजार चारशे ऐकून दोन मुली घरी गेल्या.
उरलेली सहा शनिवार बसली, रामबागेत, सतरंजीवर,
शेव खात. म्हणून काही ळ तेलकट.
कुणाचा ळ चष्म्यासारखा, कुणाचा आडवा पडलेला आठ,
कुणाची नुसती गाठ.
एरवी शाला म्हणणारी, बादल म्हणणारी पोरं,
जिभेचं टोक टाळूला वळवून
आधी तोंडात ळ बनवत, मग कागदावर ठेवत.
'कंटाळा' भरायला मात्र रांग लागे.

विकल्या गेल्या एकशे दहा. बऱ्याचशा वाटल्या,
उरलेल्या वाळवीनं वाचल्या, तिनं काही तक्रार केली नाही.

एका प्रतीत कुणीतरी भरात येऊन
शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या ओळीत,
छापलेला ल खोडून
गेंदालाळ करून ठेवलं होतं.
हिशेब चुकता करायला गेले तेव्हा
आधी माफी मागितली, मग ते पान दाखवलं.
तो बघत राहिला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत बघितलं.
'ये वाली मेरी.'
एवढंच. प्रत माचिसशेजारी ठेवली,
पैसे मोजले, पावती फाडली, सही केली.

पावती मी घरी येऊन उलगडली.
ळ जरासा आडवा पडला होता,
पहिलाच असावा.