दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात.
माझं भरतं.
सोहारच्या बंदररस्त्यावर, टायरच्या दुकानावरती
दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे.
दुसऱ्या खुर्चीशी मी,
नसीमा मुकादम, मुक्काम पोस्ट दाभोळ,
सकाळी नऊ ते एक, चार ते नऊ
लोकांच्या दातांवरचा दगड उतरवते.

दगडच तो.
थुंकी, उष्टं आणि उद्या बघू,
या तिघांचा बनतो.
खालच्या पुढच्या दातांमागे पहिला थर.
जीभ रोज तिथे जाते, रोज चाचपते
आणि घरच्या बाईसारखी गप्प राहते.

आज खिमबहादूर आला, शटरिंगवाला.
खिशातून ब्रश काढून दाखवला:
केस चारी दिशांना, जुना खराटा.
हिरड्या उतरलेल्या, दातांची मुळं उघडी.
एवढा कुणावरचा राग काढतोस रे?
म्हणाला, चौदा माणसं, एक बेसिन,
सव्वाचारला बस.

दोन मिनिटं घासा, असं आमचं पोस्टर सांगतं.
पोस्टरला बस पकडायची नसते.
मी म्हटलं, मग रात्री घास. रात्री बस नाही.
मऊ ब्रश घे. मुठीत नको, पेन धरतोस तसा धर.
दात आणि हिरडी भेटतात
त्या रेषेवर तिरका टेकव, जरासाच हलव.
रक्त आलं म्हणून सोडू नकोस.
सोडलं होतंस, म्हणून येतंय.

मग दादकरीम, मासेमारी बोटीचा नोखदा,
आमच्याकडे नाखवा म्हणतात तोच.
दातांमधून ओढायचा दोरा पाहून हसला,
एवढ्याशा दोरानं काय धरणार, बाई?
मी विचारलं, जाळं धुतलं नाही तर काय होतं?
कुजतं. वास मारतं. मग उंदीर येतात.
रोज धुता?
रोज. मासा मिळो न मिळो.

ते वाक्य मी ठेवून घेतलं.
आता दुखत नसताना कशाला घासू म्हणणाऱ्याला
तेच देते.

उम्म राशिद तपासायला येते ती खजूर घेऊन.
खलास नावाची जात, मऊ, मधासारखी.
आमच्या भाषेत खलास म्हणजे संपलं.
मी हे सांगितल्यापासून तिला कोण आनंद झालाय,
दर वेळी डबा पुढे करते आणि म्हणते, खलास!
पण एक बी थुंकली की बोलणं अर्धं टाकून
पाण्यानं खळखळून चूळ भरते,
पर्समधून अराकची काडी काढते.
सत्तरीत अठ्ठावीस दात.
माझ्याकडे तिचं काही काम नसतं.
ती गप्पांचे पैसे भरते.

आणि अम्मीचे नऊ.
नऊच उरलेत, मला एकेक ओळखतो.
तव्यावर भाजलेली मिशरी, तर्जनी कायमची काळी.
मागच्या रजेत तिचं डोकं मांडीवर घेऊन
ओटीवरच्या बल्बखाली दोन तास खरवडत बसले.
काळं थुंकून म्हणाली,
एवढ्यात तवा तरी निघाला असता.
मिशरीचा डबा मी विहिरीमागे पुरला.
दुसरा कुठे होता ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
ब्रश तेवढा ठेवून आले, पिवळा, मऊ.

आज दवाखान्याला रेटा होता.
खोलीवर आले, चपलांसकट पलंगावर पडले.
खरं सांगायचं तर अशा रात्री मी घासत नाही.
दिवसभर वीस तोंडांना शिकवते
आणि स्वतःचं तसंच मिटून झोपते.

मोबाइलवर अम्मीचा आवाज आलेला, एक मिनिटाचा.
लावला. बोलणं नाहीच.
खसखस, खसखस. थांबली. परत खसखस.
मग थुंकल्याचा आवाज, मग तांब्या ठेवल्याचा.
मग:
झालं माझं. नऊच तर आहेत.
तू घास आता, तुला बत्तीस घासायचेत.

उठले.
ऑगस्ट आहे, रात्री अकरालाही
नळाला चहाइतकं गरम पाणी.