सव्विसाव्या आठवड्यात आलेलीस

तार्तू. खिडकीबाहेर उणे एकोणीस.
हेल्वे हात धुते, पुन्हा धुते,
मग तुझ्या टाचेतून एक थेंब घेते
आणि माझ्याकडे धाडते.

भिंगाखाली पांढऱ्या पेशी, मोजक्याच.
चाहूल लागते त्यांना,
वाट सापडत नाही.
पोचतात उशिरा,
आणि घास तोंडापेक्षा मोठा.

कातडी तर कांद्याचा पापुद्रा.

त्रीनू चीक आणते, करंगळीएवढ्या नळीत,
पिवळा, जेमतेम तीन थेंब.
हेल्वे तो कापसाने गालाच्या आत फिरवते.
तू ओठ हलवतेस,
गिळत नाहीस अजून.

आज बाविसावा दिवस.
कातडी जराशी राठ झालीय म्हणे.
मी काचेवर जंतू सोडले,
तर तुझ्या एका पेशीनं
एक गिळला,
अख्खा.

रात्रीचे तीन. सांगणार कुणाला?
वर हेल्वे
हात धूत असेल.