उद्या साय धरेल

भुजचं तिकीट रद्द केलं त्याच आठवड्यात
सोसायटीने लिफ्टची वर्गणी काढली.
सॅक मात्र भरलेलीच राहिली दाराशी:
दोन लिटरची बाटली, लिमलेटच्या गोळ्या,
मानेवर टाकायचा पंचा,
आणि सेकंडहँड दुर्बीण, जिचा डावा डोळा
नेहमी थोडा मागे राहतो.

रविवारी ती तशीच पाठीवर टाकली
आणि रिक्षावाल्याला म्हटलं, मिठागर.
तो म्हणाला, काय आहे तिथे?
म्हटलं, तेच बघायचंय.

भांडुपला हायवे ओलांडला, तिवरं संपली
आणि आभाळ एकदम एवढं झालं
की मी उगाचच खांदे सैल सोडले.
मे महिना. बहुतेक कोंड्या सुकलेल्या.
जमिनीला पापुद्रे सुटलेले, भेगांच्या कडा
उन्हाने वर वळवलेल्या,
बुटाखाली पापड मोडावा तसा आवाज.
दूर मुलुंडचा एक चाळीस मजल्यांचा टॉवर
पायापासून सुटून हातभर वर तरंगत होता.
त्याच्याखाली पाणी.
पाणी नव्हतं.

बांधावर गमबूट घालून हसुराम वैती बसलेला.
मी म्हटलं, हे तर वाळवंटच की.
त्याने विडी दगडावर विझवली, उरलेली कानावर ठेवली.
"वालवंट कंचा? ह्यो आगर हाय.
वालवंटान पानी कोन मोजून सोरतं?"

मग ओल्या राहिलेल्या एकुलत्या कोंडीत
त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं,
आणि बराच वेळ
काहीतरी आठवत असल्यासारखा थांबला.
"जर झाला पानी. उद्या साय धरल."

विडी विझवलेल्या त्या दगडावर
एक बाण कोरलेला, खाली सतरा आकडा.
मीठखात्याचा, गोऱ्या साहेबाच्या वेळचा.
सोळा कुठे, अठरा कुठे, हसुरामला माहीत नाही.
त्याच्या आज्याला माहीत होतं,
आज्याच्या वेळी धक्क्याला गलबतं लागायची
आणि पायलीने मीठ मोजताना
पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचे.
बाण दाखवतो तिकडे मी पाहिलं:
हायवे, आणि हायवेवरून एकामागे एक
पोट गरगर फिरवत चाललेले काँक्रीटचे मिक्सर.

चिखलात चार बोटांचे ठसे, नखांसकट.
कुत्रा?
"कोला. रातचा येतं. बांधावरशीच चालतं.
त्याला पन पाय भिजवायला नको."
आम्ही दोघं त्या ठशांमागून गेलो,
ठसे जिथे तिवरांत शिरले तिथे थांबलो.
पाहुण्याच्या घरात किती आत जायचं
याचाही एक अंदाज असतो.

आणि तिथून, खाडीच्या ओहोटीवर,
एक गुलाबी रेघ हलली.
आधी वाटलं दुर्बिणीचा दोष.
मग रेघेला पाय फुटले, माना फुटल्या,
शेदोनशे रोहित, डोकी उलटी करून
चिखल गाळत जेवणारे, आपसात कुरकुरणारे,
पंगतीत उशिरा वाढल्यासारखे.
एकाच्या पायात पिवळी कडी. तिच्यावर अक्षरं.
मी डावा डोळा मिटला, उजवा ताणला,
श्वास धरला,
नाही वाचता आली.

"कच्छशी येतान," हसुराम म्हणाला.
"मिठावरशी मिठावर. मधलं गाव त्यांना दिसतच नाय."
मला हसू आलं आणि थोडा रागही.
मी महिनाभर नकाशावर बोट फिरवत होतो,
सुट्टी मागत होतो, हप्ते मोजत होतो,
आणि ज्या रणात माझं जाणं राहिलं
ते रण इथे
वर्गणी न भरता जेवायला बसलं होतं.

निघताना हसुरामने मूठभर मीठ दिलं,
करड्या रंगाचं, जाड, मातीचा वास असलेलं.
"खायाला नको. बरफवाले नेतान."
मी ते काडेपेटीत भरलं. रात्री
बूट उलटे केले तर त्यांतूनही तेच पडलं.
बायकोने विचारलं, काय आणलंस?
वाळवंट, म्हटलं, आणि काडेपेटी
खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

सकाळी पेटी ओलीगच्च.
छापातला लाल रंग कठड्यावर पसरलेला
आणि आत, खड्यांच्या जागी,
एक जड, गढूळ थेंब.

मी बोट बुडवलं.
जिभेला लावलं.
काही कळलं नाही. परत लावलं.